टिटवीचं कापड

आमच्या घरात कुठलंही कापड आटवल्याशिवाय कातरीखाली जात नसे. मग ते फर्स्ट कम्युनियनच्या विधीसाठीच्या फ्रॉकचं पॉपलिन असो, लग्नाच्या झग्याचं अस्तर असो, की चर्चमध्ये वेदीवर अंथरायची चादर. आधी विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाकीत ते बुडवायचं, मग दोन माडांना बांधलेल्या दोरीवर वाळवायचं, मग इस्त्रीखालून काढायचं. आई शिवणकाम करायची आणि गिरीजपासून आगाशीपर्यंतच्या नवऱ्या तिच्या हातचा झगा घालून चर्चची पायरी चढायच्या. "कापडाला जे काही आकसायचंय ते माझ्या घरात आकसू दे," ती म्हणायची, "नवरीच्या अंगावर नको." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की प्रार्थनेसारखं ते मला विचार न करता पाठ होतं. पुढे जे झालं त्याला हे वाक्यच जबाबदार आहे, असं मी बरीच वर्षं सांगत आले. आता पन्नाशी उलटली, तर कबूल करायला हरकत नाही. जबाबदार मीच होते.

(घरात आम्ही आमची बोली बोलायचो. ती कागदावर उतरवायला गेले की माझ्या स्वतःच्या मुलांना वाचताना घाम फुटतो, म्हणून इथे सगळ्यांना सरळ मराठी बोलायला लावलं आहे. आई असती तर म्हणाली असती, मला कधी इतकं शुद्ध बोलताना ऐकलंस?)

पप्पा मुंबईला विमानांचे मेकॅनिक होते. मोठ्या विमानांच्या पोटाखाली उताणं पडून त्यांनी निम्मं आयुष्य काढलं, आणि एके दिवशी नोकरी सोडून घरी आले, म्हणाले, "आता स्वतःचं बनवतो." आईला वाटलं टेबल. त्यांच्याबरोबर नोकरी सोडली ती सदाकाकांनी. सदाकाका मूळचे रत्नागिरीकडचे, विरारला फ्लॅटमध्ये राहणारे, पप्पांच्याच पाळीतले. हसले तर फक्त मिशी हलायची. दोघांनी वालीवला एक गाळा भाड्याने घेतला आणि दोन माणसं बसतील एवढं विमान बनवायला घेतलं. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, मागे बाहेरून मागवलेलं छोटं इंजिन, आणि पंखांवर कापड. आमच्या गावात कंपनी म्हणजे भोंगा, पंचिंग कार्ड आणि कँटीन. या कंपनीत पप्पा, सदाकाका, एक वेल्डर आणि दारावरची पाटी एवढंच होतं. विमानाचं नाव पप्पांनी 'टिटवी' ठेवलं, कारण त्यांना तो पक्षी धावत जाऊन उठतो ते आवडायचं. टिटवी ओरडली तर कुणाचं तरी वाईट होतं म्हणतात, हे त्यांना अख्ख्या गावाने एकेक करून येऊन सांगितलं. पप्पा प्रत्येकाला म्हणाले, "माझी ओरडणार नाही. सायलेन्सर बसवलाय."

पंखाचा सांगाडा वालीवहून आमच्या घरी आला त्याचं कारण साधं होतं. शेजारच्या गाळ्यात चपलांचे तळवे घासायचे, त्याची काळी पूड हवेत असायची, आणि पंखावर कापड चिकटवायचं तर जागा स्वच्छ हवी. म्हणून आमच्या पडवीत दोन्ही पंख आले. तिथे उन्हाळ्यात सुकेळ्यांच्या चाळण्या ठेवलेल्या असायच्या. राजेळी केळी सोलून उन्हात घालायची आणि संध्याकाळी पडवीत घ्यायची, हे आमच्या घरचं दरवर्षीचं काम. आता चाळण्या पंखांच्या फासळ्यांवर ठेवू लागलो. सदाकाका ओरडले, "वहिनी, विमानाला मुंग्या लागतील." आई म्हणाली, "मग मुंग्यांना तिकीट लावा." त्या दिवसांत आमच्या घराला सुकेळ्यांचा गोड वास आणि चिकटद्रव्याचा डोकं दुखवणारा वास असे दोन्ही एकत्र यायचे. अजूनही सुकेळं तोंडात घातलं की माझं डोकं जरासं दुखतं.

सदाकाकांचा एक नियम होता, तो त्यांनी मुंबईच्या नोकरीतून, विमानांच्या हँगरमधून आणलेला. ज्याचा शेवटचा हात लागला, त्याने चाचणीच्या वेळी विमानात बसायचं. शेवटचा बोल्ट ज्याने आवळला तो बसणार हे ठरलेलं असलं की बोल्ट नीट आवळला जातो, असं त्यांचं म्हणणं. जेवताना आम्हाला ते हे तीन-चारदा सांगायचे. आई वालाची भाजी वाढत म्हणायची, "बरं झालं बाई, मी नुसतं कापड कापते."

आता कापडाविषयी. ते परदेशातून सदाकाकांच्या मेव्हण्याच्या ओळखीने आलं होतं. पांढरं, पातळ, हाताला कागदासारखं, आणि यायला तीन महिने लागले होते. घाई होती. दिल्लीहून एक साहेब येऊन विमान तपासणार, स्वतः उडवून बघणार आणि मग कागदावर सही करणार होते. तारीख ठरली होती, भुईगावच्या किनाऱ्यावर त्या दिवशी सकाळी मोठी ओहोटी होती आणि पोलिसांची परवानगीही तेवढ्या एकाच दिवसाची होती. तो दिवस चुकला की पावसाळा. नाशिककडचा एक फ्लाइंग क्लब दोन टिटव्या घ्यायला तयार होता, पण पावसाळाभर थांबायला तयार नव्हता. क्लब गेला की गाळा सोडायचा, हे पप्पांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, इंग्रजी साहित्य घेऊन. मला त्या विमानात भाग हवा होता. टाचण्या द्यायला, चहा न्यायला नव्हे; काहीतरी माझं म्हणून. कापडाचा रोल आला त्या दिवशी पप्पा आणि सदाकाका इंजिनाच्या कामाला वालीवला गेले, आई आगाशीला एका नवरीच्या फिटिंगला गेली, आणि घरात मी आणि रोल. मी ठरवलं, ही लोकं येतील तेव्हा कापड तयार असेल.

टाकी भरली. कापड बुडवलं. दोरीवर घातलं तर ते संपेचना. दोन माड पुरले नाहीत, तिसरा माड आणि पेरूचं झाड जोडून घेतलं. इतकं पांढरं कापड एकदम वाळत घातलेलं बघून कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "फिलू, कोणाचं गं लग्न? तुझं का?" मी नुसती हसले, आणि त्या हसण्यामुळे पुढचा महिनाभर गावात माझ्या लग्नाची बातमी फिरली. मग कोळशाची मोठी इस्त्री पेटवली, कारण वीज गेली होती. रोलच्या आत एक इंग्रजी पत्रक होतं. इस्त्री किती तापली ते बघायला आपण कागदावर टेकवून बघतो ना, त्यासाठी ते पत्रक मला अगदी सोयीचं पडलं. तांबूस डाग पडला, म्हणजे जरा जास्त तापली. थोडी वारा घालून निववली आणि कामाला लागले.

इस्त्रीखाली कापड आकसलं. चांगलं हातभर आकसलं. एखादीला शंका आली असती. मला आनंद झाला. म्हटलं, बघा, हे आटवलं नसतं तर विमानावर आटलं असतं. संध्याकाळपर्यंत खांदा दुखेपर्यंत इस्त्री केली, घडी न घालता पुन्हा रोल केला, आणि कोणाला काही सांगितलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो बसला, पण आश्चर्याचा नाही.

तीन दिवसांनी पप्पांनी डाव्या पंखाला कापड चिकटवलं. पद्धत अशी की ते सैलसर चिकटवायचं आणि मग वरून इस्त्री फिरवायची. उष्णतेने ते आकसतं आणि ढोलकीच्या पुडीसारखं ताणलं जातं. आकसणं हाच त्या कापडाचा गुण होता, त्यासाठीच ते समुद्रापलीकडून आणलं होतं. पप्पा इस्त्री फिरवत गेले. मग बोटाने टिचकी मारली. आवाज आला तो उशीवर मारल्यासारखा. त्यांनी इस्त्री आणखी तापवली, पुन्हा फिरवली, पुन्हा टिचकी. उशीच.

"सदा," पप्पा म्हणाले, "तुझ्या मेव्हण्याने उरलेला माल पाठवलाय."

"माझ्या मेव्हण्याने पाठवलाय तो शिक्क्याचा माल आहे. तुझी इस्त्री बघ."

"इस्त्री मी तीस वर्षं बघतोय."

"तीस वर्षं तू नट आवळतोयस, पास्कल. कापडातलं तुला काय कळतं?"

असं वाढत गेलं. शेवटी सदाकाकांनी आपली पिशवी उचलली, पडवीच्या पायरीवर चपला घातल्या आणि म्हणाले, "मेव्हण्याला चोर म्हणालास. आता तुझं तू बघ." मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. पप्पा पंखाकडे पाठ करून बसले. आईने दोघांसाठी केलेला चहा तिने एकटीने प्यायला, दोन्ही कप.

पत्रक मी त्या संध्याकाळी वाचलं. पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत लिहिलं होतं की पंखावर बसवण्याआधी या कापडाला उष्णता लावू नये. तांबूस डाग बरोबर त्या ओळीवर होता. मी विद्यापीठाच्या परीक्षेसाठी जुन्या इंग्रजी कविता घोकत होते, आणि चार ओळींचं साधं इंग्रजी माझ्याने वाचवलं नव्हतं.

दोन दिवस मी गप्प बसले. या दोन दिवसांचं मला आजही काही चांगलं सांगता येत नाही. पप्पांनी उजव्या पंखावर प्रयत्न केला, तोही फसला. ते मेव्हण्याला पत्र लिहायला बसले, इंग्रजी नीट हवं म्हणून मला हाक मारली, आणि 'फसवणूक' याला इंग्रजीत जरा जड शब्द सांग म्हणाले. मी शब्द सांगितला. मग परसात जाऊन विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजची बस सोडून विरारची बस धरली.

सदाकाकांनी दार उघडलं. मी आत न जाता दारातच सगळं सांगितलं, टाकी, पेरूचं झाड, कोळशाची इस्त्री. पत्रक पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून डाग बघितला. मिशी हलली.

"कोळशाची?" त्यांनी विचारलं.

"वीज नव्हती."

"सगळा रोल?"

"सगळा."

"एकटीने?" आणि मग, "हे मला का सांगतेस? मला माहीत होतं की मेव्हणा चोर नाही. ज्याला माहीत नाही त्याला सांग."

"तुम्ही चला बरोबर."

"आधी तू सांग. मी उद्या येतो. दोन थोबाडीत बसल्या तर बसल्या, मी असलो तर तो मारणार नाही, मग तुलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटेल."

थोबाडीत बसली नाही. दुपारच्या जेवणाला सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी होती. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बोलले आणि पत्रक ताटाशेजारी ठेवलं. पप्पांनी ते वाचलं. वर बघितलं ते माझ्याकडे नाही, आईकडे. आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. रोल माझ्या हाती लागायच्या ऐवजी तिच्या लागला असता तर तिनेही तेच केलं असतं, हे तिला कळलं होतं आणि पप्पांनाही. मग आई उठली, हात धुतले, पडवीत गेली आणि पंखावरचं कापड चिमटीत धरून बघू लागली, जसं नवरीच्या कमरेवर बघायची.

"आता हे आणखी आकसणार नाही ना?" तिने विचारलं.

"तोच तर घोटाळा आहे," पप्पा म्हणाले.

"घोटाळा कसला? आता हे साधं कापड झालं. न आकसणारं कापड अंगाबरोबर बसवणं हाच माझा धंदा आहे. तू एवढंच सांग, मजबुती गेली का?"

पप्पांनी कापडाच्या पट्ट्या कापून त्यांना वाळूची पोती टांगली. पट्ट्या तुटल्या नाहीत. आणखी टांगली. मग ते माझ्याशी त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलले, "उसवायला घे."

चिकटवलेलं कापड सोडवायला मला दोन दिवस लागले. बोटांची सालं गेली. दुसऱ्या दिवशी सदाकाका आले. पप्पांनी मेव्हण्याला लिहिलेलं पत्र त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते न वाचता चुलीत घातलं, आणि दोघेही पंखाकडे गेले. त्यापेक्षा जास्त दिलजमाई मी त्या दोघांत कधी पाहिली नाही.

आईचा बेत असा होता की पंखाला खोळ शिवायची, झग्याच्या वरच्या भागासारखी अगदी अंगाबरोबर, आणि मागच्या कडेला दोरीने आवळायची. नवरीच्या पाठीला बंद असतात ना, तसे. कापड आकसून कमी पडत होतं, तिथे जोड दिले, आणि प्रत्येक जोड बरोबर फासळीवर आणला. पण दोरी कशी ओवायची की ताण सगळीकडे सारखा बसेल, हे तिला ठाऊक नव्हतं. त्यासाठी पप्पा नायगावहून हिराजीबाबांना घेऊन आले. त्यांनी तरुणपणी होड्यांची शिडं शिवली होती. आता ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे.

"शिडं आता कोन मागतंय," ते म्हणाले. "पन हात इसरला नाय." पंखाभोवती एक फेरी मारली. "हे कुठं जानार?"

"वर," सदाकाका म्हणाले.

"पानी नाय लागनार?"

"नाही."

"मंग सोपं हाय. पान्यात दोरी फुगते नि सुकली की सैल पडते, वाऱ्यात नाय. पन आज आवळून झोपू नका. दोरी सकाली पुन्हा बघायची. परवाला पुन्हा. तिला सवय व्हाया पायजे."

ओवायचं काम माझ्याकडे आलं, कारण भोकं बारीक आणि माझी बोटं बारीक. आई खडूने खुणा करायची, मी ओवायचे, हिराजीबाबा शेजारी बसून नुसते "खेच, खेच, आता ऱ्हाऊ दे" म्हणायचे. रोज सकाळी पुन्हा आवळायचं. एक दिवस पप्पांनी टिचकी मारली आणि आवाज आला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पप्पांनी पुन्हा मारली. तिसऱ्यांदा आईने मारली. मग हवेत पडणारा भार पंख पेलतील का ते बघायला आम्ही ते उलटे ठेवून त्यांवर वाळूची पोती रचली, पप्पांच्या वहीत लिहिली होती तेवढी आणि वर आणखी, कारण पप्पांना आता माझ्यावर विश्वास नव्हता आणि तसं ते स्पष्ट म्हणाले. दोरी हलली नाही.

पुढे टिटवी कंपनी काही वर्षं चालली. हातावर मोजता येतील एवढीच विमानं झाली, पण प्रत्येकाच्या पंखाला मागे दोरी होती. इंग्रजी माहितीपत्रकात तिला 'आमची खास रचना' म्हटलं होतं, तो मजकूर मीच लिहिला. नंतर गाळ्यांची भाडी चढली, तसली विमानं बाहेरून तयार मिळू लागली, आणि पप्पांनी एक दिवस पाटी उतरवून घरी आणली. वालीवच्या त्या गाळ्यात आता पुठ्ठ्याची खोकी बनतात. मी मध्ये एकदा तिथे गेले होते, तर आत जाऊ देईनात.

पण हे सगळं नंतरचं. दिल्लीचे साहेब यायच्या दिवशी पहाटेच केळ्यांच्या टेम्पोत पंख चढवले, खाली केळीच्या वाळलेल्या पानांची गादी करून. निघण्याआधी सगळ्या दोऱ्यांची शेवटची पाहणी मी केली. डाव्या पंखाच्या टोकाची गाठ शेवटची, ती मी मारली, कात्रीने टोक कापलं, आणि सदाकाकांकडे बघून म्हटलं, "झालं." त्यांनी मान हलवली. नियम आम्हा दोघांना माहीत होता, आणि या विमानात शंका होती ती दोरीचीच. मला भीती वाटत होती आणि मी जाणारच होते. दोन्ही एकदमच होतं.

भुईगावला समुद्र लांब गेला होता आणि वाळू सिमेंटसारखी घट्ट होती. वालीवहून आणलेल्या सांगाड्याला पप्पा आणि सदाकाकांनी तिथेच पंख जोडले. साहेब उंच, सैन्यातून आलेले, मराठी चांगलं बोलणारे. त्यांनी एकेक बोल्ट बघितला, पंखावर टिचकी मारली आणि दोरीपाशी थांबले. "हे असं का?"

पप्पांनी तोंड उघडलं. 'आमची खास रचना' ते तेव्हाही म्हणू शकले असते. पण ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मी म्हटलं, "मी कापडाला आधीच इस्त्री केली होती, सर. सगळ्याला." आणि बाकीचंही सांगितलं.

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. पोत्यांची वही मागून बघितली. मग एकटेच बसले, इंजिन सुरू केलं, टिटवी वाळूवरून धावली आणि उठली. समुद्रावर दोन फेऱ्या मारून ते उतरले, इंजिन चालू ठेवलं, आणि मोठ्याने विचारलं, "शेवटची गाठ कोणाची?" म्हणजे तो नियम सदाकाकांच्या हँगरपुरता नव्हता.

मी पुढे झाले.

"माझी," आई म्हणाली.

मी म्हटलं, "आई, माझी आहे. टेम्पोत चढवल्यावर मारली."

"बघ जाऊन."

मी पंखाच्या टोकाशी गेले. गाठ डबल होती. मी साधी मारली होती. आणि टोक कात्रीने कापलेलं नव्हतं, दाताने तोडलेलं होतं, चपटं आणि जरा विसकटलेलं. आयुष्यभर आईने दोरा असाच तोडला; दर ख्रिसमसला पप्पा तिला कात्री घेऊन द्यायचे आणि ती कात्री कपाटात ठेवायची. मी टेम्पोत पुढे जाऊन बसले तेवढ्यात तिने माझी गाठ सोडून स्वतःची मारली होती.

सदाकाकांनी गाठ पाहिली, आईकडे पाहिलं. "नियम म्हणजे नियम, वहिनी," ते म्हणाले. आईने पदर कमरेला खोचला, गळ्यातला क्रूस ब्लाऊजच्या आत टाकला आणि जाऊन बसली. पप्पांनी पट्टा बांधला. शेवटचा चाप मात्र तिनेच लावून घेतला.

ती किती वेळ वर होती मला सांगता येणार नाही. टिटवी गिरीजच्या बाजूला वळली, वाड्यांवरून गेली, लहान झाली, पुन्हा मोठी झाली. उतरली तेव्हा आईचे केस सुटून तोंडावर आले होते. ती सरळ माझ्याकडे चालत आली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल.

"वरून घर दिसतं," ती म्हणाली. "दोरीवरची चादर काल संध्याकाळपासून तशीच आहे. वाळून पापड झाली असेल. घरी गेल्यावर आधी ती काढ."